ट्रम्पेटमधलं पाणी

अकोल्याच्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं बँड शिकवला. त्यातली निदान दोन वर्षं तरी थुंकीवर बोलण्यात गेली असावीत.

ट्रम्पेट दहा-पंधरा मिनिटं वाजवलं की नळीत पाणी साचतं. सूर घरघरायला लागतो, घशात कफ अडकलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा. मग खालच्या वळणावरची छोटी चावी दाबायची, एक फुंकर मारायची आणि ते पाणी जमिनीवर सोडून द्यायचं. मुलं त्या चावीला नळ म्हणत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की ही सगळी थुंकी. थुंकी त्यात नावापुरती असते. बाकी श्वासाची वाफ, थंड पितळेला लागून पाणी झालेली, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला येते तशी. हे मी दरवर्षी शाळा उघडली की नव्या मुलांना सांगायचो, पालकसभेत पालकांना सांगायचो आणि मुख्याध्यापक बदलले की त्यांनाही सांगायचो. मुलांना लगेच पटायचं. मोठी माणसं मान डोलवायची आणि खुर्ची जरा मागे सरकवायची.

ही नाकं मुरडणारी माणसं कोण, तर ज्यांच्या गालात सकाळी सातपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो ती. आमच्या शाळेच्या जिन्याचे कोपरे लाल, मागची भिंत लाल, फाटकाजवळच्या कडुनिंबाचं खोड कमरेपर्यंत लाल. कुणीतरी सुचवलं म्हणून कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स लावल्या, तर लोक देवापासून वीतभर अंतर सोडून थुंकायला लागले. बोलता बोलता मान वळवायची, पिचकारी टाकायची आणि वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचं, ही आमच्याकडची भल्याभल्यांची रीत. त्यातल्या एकालाही स्वतःच्या तोंडातल्या त्या चिखलाची कधी किळस आली नाही. एखाद्या पोरीच्या श्वासाचं चमचाभर पाणी फरशीवर पडलं की मात्र हे नाकाला रुमाल लावायचे. मला या माणसांची किळस येते. साठी उलटली, नोकरी संपली, तरी ती गेलेली नाही.

मी मूळचा अमरावतीचा. घर भिक्षुकीचं. वडील लग्न लावायचे, सत्यनारायण सांगायचे, श्राद्धं करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर लग्नाला गेलो की ते आत मंत्र म्हणत आणि मी बाहेर बँडवाल्यांजवळ उभा असे. त्या बँडचे उस्ताद मुसलमान होते, त्यांचं दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. चौदाव्या वर्षी मी तिथं जायला लागलो. उस्तादांनी स्वतःचं कॉर्नेट, ट्रम्पेटचं धाकटं भावंड, सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिलं, फुंक म्हणाले, मी फुंकलं, आणि गाढव ओरडावं तसा आवाज निघाला. सगळा बँड हसला. तिथून पुढे तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकलो.

घरी कळायला आठवडाही लागला नाही. आईनं परसातल्या नळावर आंघोळ करून मगच घरात यायची अट घातली. वडील ओरडले नाहीत की त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी माझा पेला वेगळा केला. तो पेला न्हाणीघराच्या खिडकीत असायचा आणि माझा मलाच विसळावा लागायचा. पाणी वाढणारी आई तो पेला जमिनीवर ठेवायला सांगायची आणि वरून तांब्यानं पाणी ओतायची, स्वतःच्या पोटच्या पोराला. शिकायला बाहेर पडलो तोवर हे चाललं. पुढे वडील आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं, पण त्या पेल्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही.

ही गोष्ट मी पुढे आयुष्यभर सांगितली. शिक्षकांच्या शिबिरात, स्नेहसंमेलनात, सत्काराच्या भाषणात. लोकांना ती फार आवडायची. भटाचं पोर आणि बँडवाल्या उस्तादांचं कॉर्नेट. मलाही ती आवडायची. ती सांगताना मी किती मोकळ्या मनाचा आहे हे मला आपोआप पटत जायचं.

अकोल्याला नोकरी लागली तेव्हा बँडच्या खोलीत नऊ वाद्यं होती आणि त्यातली चार चालू होती. मी हळूहळू पस्तीस मुलांचा बँड उभा केला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साईड ड्रम, मोठा ड्रम, झांजा. परदेशी लिपीतलं नोटेशन मुलांच्या डोक्यावरून जायचं, म्हणून मी सगळं सारेगममध्ये लिहायचो. एका मोठ्या वहीत अख्खी रचना, प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा, वर वाद्याचं नाव. मुलांनी आपापला पार्ट त्या वहीतून हातानं उतरवून घ्यायचा. झेरॉक्स मी कधी करू दिली नाही. हातानं लिहिलेलं बोटांच्या लक्षात राहतं असं माझं मत आहे आणि अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही.

चाळीसेक मार्च, संचलनाच्या चाली, लिहिले असतील मी. ते कुणासाठी वाजले, हा प्रश्न विचारू नये. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येणार, मुलं उन्हात वाद्यं तापवत उभी राहणार, पाहुणे आले की फोनवर बोलत बोलतच मानवंदना घेणार. मागून कुणीतरी धावत येऊन माझ्या कानात सांगणार की सर, जरा ओळखीचं काही घ्या, पिक्चरचं घ्या. एका संस्थाचालकानं मला चारचौघांत सांगितलं होतं की तुमच्या बँडपेक्षा डीजे बरा, त्याला एक जण पुरतो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्या डीजेच्या आवाजानं म्हाताऱ्या पाहुण्याला चक्कर आली. मला वाईट वाटलं नाही. असा मी त्या नोकरीत होत गेलो.

आता त्या मुलीचं सांगतो. सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

ती आठवीत बँडमध्ये आली. आई महानगरपालिकेची सफाई कामगार, वडील नव्हते. आजोबा बाळापूरकडच्या एका खेड्यात राहायचे आणि गावच्या लग्नांत, जत्रांत डफडं वाजवायचे. मुलगी बोलायला कमी, पण श्वास असा की मी एवढ्या वर्षांत तसा दुसरा पाहिला नाही. दोन महिन्यांत तिनं ट्रम्पेटवर जो लांब सूर लावला तो ऐकून युफोनियमवाला पोरगा वाजवायचाच थांबला. शिवाय तिचं अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे ज्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, त्यांचे पार्टही तीच उतरवून द्यायची.

ती नववीत असताना मी एक मार्च लिहीत होतो. साईड ड्रमला डफड्याचा ठेका द्यायचा, अशी कल्पना होती. लग्नांत ऐकलेला ठेका मी माझ्या अकलेनं बसवला आणि मुलांना शिकवायला घेतला. ती दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली की आबा असं वाजवत नाहीत, त्यांची तिसरी काडी उशिरा पडते. मग बाकावर दोन बोटांनी तिनं तो ठेका वाजवून दाखवला. ती तिसरी काडी खरंच मागं रेंगाळायची आणि तिथंच पाय उचलावासा वाटायचा. मी माझं लिहिलेलं खोडलं आणि तिचं घेतलं.

मग त्या मार्चच्या मधे मी तिच्यासाठी एक तुकडा लिहिला. सगळा बँड थांबतो. मागं फक्त तो ठेका, आणि त्यावर एकटं ट्रम्पेट, सव्वा मिनिटभर. सोपं नव्हतं ते. वरच्या सा वरून एका दमात खाली यायचं आणि मधे श्वास घ्यायला जागाच नाही. मी लिहिलेल्या सगळ्या सुरांत तेवढाच तुकडा चांगला आहे असं मला वाटतं, तेव्हाही वाटायचं. सव्वीस जानेवारीला जिल्ह्याच्या मैदानावर तो वाजणार होता आणि तो तिनं वाजवायचा होता. ती वेड्यासारखी मेहनत करायची. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून यायची.

शाळेत त्या वेळी नवं ट्रम्पेट एकच होतं. बाकीची पोचे आलेली, एकाची तर मधली कळ दाबली की वर यायचंच विसरायची. नव्या ट्रम्पेटवर दोन मुली आळीपाळीनं वाजवायच्या. एक ही, आणि दुसरी एका वकिलांची मुलगी. ती मुलगी चांगली होती, मन लावून वाजवायची, हिच्याशी तिची गट्टी होती. दोघी एकमेकींचे सूर तपासायच्या. तिच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

वकील शाळेच्या पालक समितीत होते. डिसेंबरात ते मला भेटायला बँडच्या खोलीत आले. बोलणं अत्यंत गोड. स्वच्छतेबद्दल बोलले, साथीच्या रोगांबद्दल बोलले, आणि प्रत्येक मुलाचं माऊथपीस वेगळं असावं असं म्हणाले. तोंडाला लागतो तेवढाच पितळेचा तुकडा, तो काढता-घालता येतो. तोवर आम्ही एकच माऊथपीस कोमट पाण्यात धुऊन वापरायचो. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं. मी शाळेच्या मागे लागून सगळ्यांना वेगळी माऊथपीसं घेतली, प्रत्येकाच्या नावाची पिशवी शिवून घेतली, आणि वकिलांचे आभारही मानले. मला वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी दार लोटून घेतलं.

"सर, माऊथपीस अलग केले, लय चांगलं केलं," ते म्हणाले. "पण नळीतलं पाणी तं आतच राह्यते ना. ते माह्या पोरीच्या तोंडात जाते."

मी त्यांना समजावलं की हवा बाहेर जाते, आत येत नाही. चावी उघडून दाखवली, पाणी कुठून निघतं ते दाखवलं, वाफेचं सांगितलं, पातेल्याचं झाकण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं. मग मी विचारलं की तुमची मुलगी त्याच वर्गातल्या आणखी चार जणींच्या डब्यातलं खाते, त्यांचं कसं चालतं. त्यावर ते हसले.

"तुमी तं भिक्षुकाच्या घरचे, सर. तुमाले काय समजवाचं?"

एवढंच बोलले. जातीचं नाव घेतलं नाही, त्या मुलीचं नाव घेतलं नाही, तिच्या आईचं तर नाहीच. ती बाई रोज सकाळी त्यांच्याच ऑफिससमोरचा रस्ता झाडायची, त्यांनीच टाकलेल्या खर्र्याच्या पुड्या उचलायची. नमस्कार करून ते गेले आणि फाटकाजवळ कडुनिंबाच्या खोडावर थुंकले. खिडकीतून मी ते बघत होतो.

आता मी काय केलं ते. मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात वर केले, म्हणाले मले यात घेऊ नका, तुमी तुमच्या लेव्हलवर मिटवा. त्या माणसाकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. पण माझी लेव्हल काय होती ते मला त्या दिवशी समजलं. वकिलांना तोंडावर नाही म्हणायचं, एवढं साधं काम होतं. फार तर त्यांनी मुलगी काढून घेतली असती, समितीत आरडाओरडा केला असता. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती, कायम नोकरी, कुणी केसालाही धक्का लावू शकत नव्हतं. मला भीतीही फारशी वाटली नाही. कटकट नको वाटली. बँडच्या कामात विघ्न नको, सव्वीस जानेवारी तोंडावर, मुलांचं नुकसान नको, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

आणि मी तोडगा काढला. फार हुशार तोडगा. तुकडा वकिलांच्या मुलीलाही द्यायचा नाही, हिलाही नाही. तो क्लॅरिनेटला द्यायचा. म्हणजे कुणावर अन्याय नाही. क्लॅरिनेटवाला पोरगा बेताचा होता, पण त्याचं वाद्य त्याच्या घरचं होतं, त्याला कुणी तोंड लावत नव्हतं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एकाच पट्टीचे, त्यामुळे एकही सूर बदलावा लागला नाही. मी लाल पेन घेतलं, वहीत वर लिहिलेलं 'ट्रम्पेट' खोडलं आणि शेजारी 'क्लॅरिनेट' लिहिलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सोपी रचना.

नवं ट्रम्पेट मी वकिलांच्या मुलीकडे कायमचं दिलं. हिला जुनं, तेच अडकणाऱ्या कळेचं, आणि तिसऱ्या ट्रम्पेटचा पार्ट. त्या पार्टात आलटून पालटून चारच सूर होते, झांजेच्या जोडीला.

पार्ट उतरवायची वही नेहमीप्रमाणे तिच्याकडेच गेली. मी ती थांबवू शकलो असतो. त्या पोराचा पार्ट मी स्वतः लिहून देऊ शकलो असतो. तेवढीही अक्कल मला सुचली नाही, की सुचली आणि मी कानाडोळा केला, ते आता सांगता येत नाही. तिनं स्वतःचा तुकडा स्वतःच्या हातानं त्या पोरासाठी उतरवला. वर माझ्यासारखंच 'क्लॅरिनेट' लिहिलं, खाली एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वही परत देताना तिनं विचारलं.

"सर, माह्यं काई चुकलं काय?"

मी म्हणालो, नाही गं, त्या चालीला जरा मऊ वाद्य पाहिजे होतं. ती हो म्हणाली. इतक्या सरळपणे हो म्हणाली की मला वाटलं, पटलं तिला.

सव्वीस जानेवारीला थंडी होती. पाहुणे उशिरा आले. तुकडा आला तेव्हा क्लॅरिनेटच्या पोराची रीड, ओठाशी असते ती बोरूची पट्टी, वाळली होती, दोनदा सूर पिचकला, एकदा चीं असा आवाज निघाला आणि मंडपात मागं कुणीतरी हसलं. पाहुणे मोबाईलमध्ये बघत होते. तिसऱ्या ओळीत ती उभी होती. तिचे चार सूर प्रत्येक वेळी जागच्या जागी पडत होते. कळ अडकायची तेव्हा ती बोटाच्या नखानं वर उचलायची आणि पुढचा सूर वेळेवर लावायची. मला ते दिसत होतं कारण मी समोर काठी घेऊन उभा होतो.

नंतर वकील येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले की डफड्याचा ठेका बँडमध्ये, वा, अस्सल वऱ्हाडी. तो ठेका कुणाच्या आजोबांचा होता हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. डफडं चालतं यांना, ठेका चालतो, फक्त वाजवणाऱ्याचा श्वास चालत नाही. हे वाक्य मला तेव्हाही सुचलं होतं. पण मी थँक्यू म्हणालो.

फेब्रुवारीनंतर ती बँडला आली नाही. दहावीचं वर्ष आहे असं कळवलं.

निवृत्त व्हायच्या वर्षी अमरावतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, संगीत शिक्षणातलं योगदान वगैरे. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी भाषणात उस्तादांची गोष्ट सांगितली, पेल्याची गोष्ट सांगितली. पेल्याशी आलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. घरी येऊन मी शाल खुर्चीवर फेकली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिलो. एकोणतीस वर्षं ज्या लोकांची किळस केली, त्यांच्यात मी नुसता बसलो नव्हतो, त्यांच्या शेजारची खुर्ची मीच पुढं ओढून घेतली होती.

मागच्या डिसेंबरात तिचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही. म्हणाली की वरूडच्या बाजूला एका शाळेत शिकवून राहिली, शारीरिक शिक्षणाची पदवी झाली, शाळेचा बँडही तिच्याकडेच आहे, आणि एकदा येऊन मुलांना ऐकावं अशी इच्छा आहे. मी लगेच हो म्हणालो. सात-आठ वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलायची संधी चालून आली, असं वाटलं. अमरावतीहून एस.टी.नं जाताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, कागदात गुंडाळून पेट्या भरणाऱ्या बाया, लादलेले ट्रक. मला वाटत होतं की पहिलं वाक्य साधं हवं. बाई, माझं चुकलं. एवढंच.

ती फाटकाशी घ्यायला आली. गळ्यात शिटी, हातात हजेरी. वाकून नमस्कार केला. मैदानावर तीस मुलं ओळीत उभी होती, स्वेटर घातलेली. तिनं काठी उचलली आणि मुलांनी माझाच मार्च सुरू केला. तिसरी काडी उशिरा पडत होती. मग सगळा बँड थांबला आणि दोन वेण्यांची एक मुलगी पुढं आली आणि तिनं तो तुकडा वाजवला, ट्रम्पेटवर. मी पहिल्यांदा लिहिला होता तसा, एकाही सुराची काटछाट न करता. मधे तिचा श्वास तुटला, पण तिनं पुन्हा धरला. म्हणजे हिनं तो जपून ठेवला होता. तिथं उभा राहून मी रडलो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आता माफी मागणं नुसतं औपचारिक उरलं आहे असं वाटलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं होऊन बोलणार, तेवढ्यात तिनं स्वतःचं ट्रम्पेट उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

"सर, एक डाव तुमी वाजवून दाखवा. पोराईले कळन, खरं कसं हाय ते."

मी ट्रम्पेट घेतलं. माझा दुसरा हात कोटाच्या खिशात गेला. पितळ वाजवणारा माणूस आपलं माऊथपीस जवळ बाळगतो. ओठांना त्याचीच सवय असते, आणि कोरोनापासून तर कुणीच दुसऱ्याचं लावत नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिचं माऊथपीस काढून तिच्या हातात दिलं आणि माझं बसवलं.

तिनं ते तळहातावर घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग मुलांना ऐकू जाणार नाही इतकी जवळ येऊन म्हणाली, "माह्यं धुतलेलं हाय, सर."

आवाजात राग नव्हता. मला माहिती देत होती, बस. सवयीचं, ओठांचं, कोरोनाचं, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. माफीचं वाक्यही होतं. माझं काढून तिचं बसवायला दोन सेकंद लागले असते. तीस मुलं वाट बघत होती आणि मी ट्रम्पेट तोंडाला लावलं. तो तुकडा माझ्याच माऊथपीसवर शेवटपर्यंत वाजवला, एकही सूर चुकला नाही. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, मुठीत ते माऊथपीस तसंच धरून.